घराला नाक

गेनूभाऊ परक्याच्या बंगल्यात शिरले की सगळ्यात आधी भिंतीला गाल लावायचे. मालक समोर उभे असोत, मालकीणबाई चहाचा ट्रे घेऊन खोळंबलेल्या असोत, यांना काही घेणं नाही. चपला दारात, टोपी खिशात आणि गाल भिंतीला. वर डोळे मिटलेले. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, की मी मालकांना उगाचच पाऊसपाण्याचं विचारायला लागले. लोणावळ्यात, ऐन जुलैत! ते बिचारे खिडकीबाहेर बघून म्हणाले, "पडतोय."

मी सिव्हिलची डिप्लोमावाली. बंगल्यांची गळती काढणं, ओल बंद करणं हा माझा धंदा. बाजारपेठेच्या मागे पत्र्याखाली एका खोलीचं ऑफिस आहे. गेनूभाऊ कुरवंड्याचे, पिढीजात गवंडी, आणि माझ्याकडे अकरा वर्षं होते. माझ्याकडे होते हे आपलं म्हणायला. रिपोर्टवर सही माझी असायची आणि डोकं त्यांचं. त्यांना जाऊन आता तीन पावसाळे झाले, तरी नव्या बंगल्यात पाऊल टाकलं की माझी मान आपोआप भिंतीकडे वळते. मग मीच मला म्हणते, बाई, तुझ्याकडे मशीन आहे, ते काढ.

मशीन म्हणजे ओल मोजायचं मीटर. दोन टाचण्या भिंतीत खुपसायच्या, की ते आकडा दाखवतं आणि जास्त ओल असली की टिवटिवतं. मालकलोकांचा त्याच्यावर फार जीव. भाऊ आधी गालानं सांगायचे, "हितं सुकी हाय, हितनं फुडं ओली, आन् ह्या कोपऱ्यात लय." मग मी टाचण्या खुपसायचे आणि मीटर मुकाट तेच सांगायचं. रिपोर्ट तयार झाला की भाऊ तो हातात घेऊन बोट फिरवत मोठ्यानं वाचायचे. चौथीपर्यंत शिकलेले होते. 'निरीक्षणाअंती असे दिसून आले की' इथपर्यंत आले की थांबायचे आणि मला विचारायचे, "ताई, ह्यात माझा गाल कुटं हाय?"

"रिपोर्टात गाल लिहीत नाहीत, भाऊ."

"मग तुमचं मशीन कशापायी लिवता?"

मी रिपोर्ट त्यांच्या हातातून काढून शिक्का मारायला घ्यायचे.

बिडी त्यांनी जन्मात ओढली नाही, पण शर्टाच्या खिशात काडेपेटी कायम. खोलीच्या मधोमध उभं राहून एक काडी ओढायची. गुल नुसताच चुरला, की भाऊ मालकांकडे अशा नजरेनं बघायचे, की मालकांनाच अपराधी वाटावं. मग कोरडी काडी निघायची, ती कानावर अडकवलेल्या छोट्या पत्र्याच्या डबीतून. हो, कानावर! ही डबी त्यांनी कशी बसवली होती देव जाणे. त्या काडीनं उदबत्ती लावायची आणि ती दाराच्या फटीपाशी, खिडकीपाशी, न्हाणीत, माळ्यावर अशी फिरवायची. धूर कुठे जातो ते बघायचं. धूर जागच्या जागी सरळ उभा राहिला, की मान हलायची.

"ह्या घराला नाक न्हाई, ताई. डोळं हायती काचंचं, हे एवढालं. तोंडबी हाय. पर नाक न्हाई. मग घर श्वास कुटनं सोडंल?"

मला हे पहिली दोन-तीन वर्षं म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटायचं. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की पाणी वरून येतं, तेव्हा वरून बंद करा. भाऊ म्हणायचे, "पानी वरनंच येतं आसं छत्रीवाल्याला वाटतं." ओल माणसाच्या श्वासातून येते, भाताच्या वाफेतून येते, दोरीवरच्या कपड्यांतून येते, आणि एकदा आत आली की बाहेर जायला वाट शोधते. वाट नाही सापडली तर सगळ्यात गार भिंत गाठून तिथे पाणी होऊन बसते. हे सगळं पुस्तकातही आहे, मोठमोठ्या शब्दांत. परीक्षेला लिहून मी विसरले होते.

तुंगार्लीच्या एका बंगल्याची गोष्ट सांगते. मालक मुंबईचे, तब्येतीनं गरम. पावसाळाभर बेडरूमचा एसी अठरावर. पलंगामागे उंची वॉलपेपर, त्याच्यावर मोर. त्या मोरांच्या पोटाखालून काळे डाग फुटलेले. त्या डागांपायी गच्ची तीनदा वॉटरप्रूफ करून झालेली, तीन वेगवेगळ्या लोकांकडून. चौथी मी. मालक दारातच म्हणाले, "तुम्ही पण गच्चीच सांगणार ना?"

भाऊंनी गाल लावला. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी चक्क बर्फाचं पाणी मागितलं, स्टीलच्या ग्लासात. मला वाटलं, तहान लागली. ग्लास त्यांनी मालकांच्या पुढ्यात टेबलावर ठेवला आणि समोर हाताची घडी घालून बसले. दोन मिनिटांत ग्लासाला बाहेरून घाम फुटला, टेबलावर गोल ओघळ उतरला.

"सायेब, ह्यो गिलास कुटं गळतोय वो?"

"गळत कुठे आहे? गार आहे म्हणून बाहेरची वाफ धरतोय."

"मग तुमची भिंत तेच करतीय. तुमी ती गार केली, बाहेरची वल भिंतीतनं आत याया लागली, आन् तुमचा मोर तिला वाट देईना. मोराच्या मागं बसलीय ती." मग उठून वॉलपेपरचा कोपरा नखानं उचकटला. मागे काळीभोर बुरशी आणि हाताला पाणी.

मालक चिडले. "म्हणजे मी एसी लावायचा नाही?"

"लावा की! पर ह्यो कागद काडा, चुना मारा, आन् सव्वीसावर लावा. वल सुकवायाच तुमचं मशीन आर्दा दिस राबतंय. सुकलं की आपोआप कमी राबंल." त्यांनी ते केलं. पुढच्या वर्षी मला त्यांचा फोन आला, विजेचं बिल उतरलं म्हणून. धन्यवाद मला, अर्थात. भाऊंना मी पेढे नेऊन दिले, तर म्हणाले, "मोर कुटं गेलं?"

माझ्या ऑफिसचा पत्रा उन्हाळ्यात असा तापायचा, की दुपारी मी टेबलाखाली पाय सोडून भाजीसारखी शिजत बसायचे. एका एप्रिलात भाऊ कामशेतवरून भाताचा पेंढा घेऊन आले. पत्र्यावर आधी चुना मारला, वर बांबू आडवे टाकले, त्यावर पेंढा, आणि वरून जुनी जाळी आवळली. बाजारपेठेत माझी जी टर उडाली! गोठा म्हणायचे लोक माझ्या ऑफिसला. 'मॅडम, म्हशी कुठंयत?' असं रिक्षावाले विचारायचे. पण मला त्या वर्षी पंख्यावर भागलं, आणि जून लागला तेव्हा भाऊंनी स्वतः तो पेंढा उतरवून घरच्या बैलापुढे टाकला. मी विचारलं, बांबू कशाला हवे होते, पेंढा सरळ पत्र्यावर टाकला असता. ते म्हणाले, "मधी मांजर जायाला पायजे."

हे मांजर त्यांच्या बोलण्यात सारखं यायचं. कुरवंड्याला पाऊस सरळ पडत नाही, नागफणीच्या कड्याकडून आडवा येतो आणि पश्चिमेच्या भिंतीला झोडपतो. म्हणून आगोठीला, पावसाच्या तोंडावर, घरोघर पश्चिमेला झड बांधायची पद्धत. झड म्हणजे गवताचा आणि कारवीच्या काड्यांचा आडोसा. भाऊंचा नियम असा, की झड आणि भिंत यांच्यात मांजराला सहज जाता आलं पाहिजे. पाऊस झडीनं झेलायचा आणि मधल्या वाऱ्यानं भिंत सुकवायची. त्यांच्या जुन्या घराच्या भिंती कारवीच्याच होत्या, शेणामातीनं लिंपलेल्या. वर कौलं, आत चूल. हौसामावशी, म्हणजे त्यांच्या घरच्या, पहाटे चूल पेटवायच्या तेव्हा अख्खं घर उबेला यायचं आणि धूर कौलांतून जाताना ओल बरोबर घेऊन जायचा. मी एकदा ऐन श्रावणात तिथे जेवले होते. काडेपेटी चुलीशेजारच्या कोनाड्यात उघडी पडली होती आणि काडी पहिल्या फटक्याला पेटली.

मग एका वर्षी वादळानं कौलं नेली. भाऊंच्या मुलानं, संतोषनं, जुनं घर पाडून तिथे स्लॅबचं घर बांधलं. संतोष तळेगावला कंपनीत. आता हा संतोष वाईट असता तर सगळं सोपं होतं. मला त्याला दोन शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. पण तो गुणाचा मुलगा. आईला दमा, म्हणून त्यानं घरात धुराची चूल ठेवली नाही, गॅस आणला. डॉक्टर म्हणाले, वारा लागू देऊ नका, म्हणून खिडक्या सरकत्या, घट्ट बसणाऱ्या. सरकत्या खिडक्यांच्या खाचेतून पाऊस आत यायला लागला, तेव्हा त्यानं गावच्या रीतीनं झड बांधली. फक्त गवताच्या जागी निळं प्लास्टिक, आणि तेही चहूबाजूंनी, खिडक्यांवरून, दोरीनं करकचून. मांजर सोडा, मुंगी जायची नाही.

भाऊ बोलले असणारच. संतोषचं उत्तर मला नंतर कळलं. "आबा, तुमी बंगल्यांचं बघा. हे आर.सी.सी. हाय."

आणि आता माझी करणी सांगते, टाळण्यात अर्थ नाही. भाऊ खंडाळ्याच्या साइटवर असताना संतोष एकदा ऑफिसात आला. म्हणाला, "मॅडम, भिंती आतनं ओल्या व्हत्यात, कायतरी द्या." माझ्याकडे एका बंगल्याच्या कामातले दोन डबे उरले होते, रबरासारखा जाड, पाणी अडवणारा रंग. मी फोनवर कुणाशी तरी भांडत होते. फोन न ठेवताच डबे दाखवले आणि म्हटलं, "ने, भाऊंच्या घराला माझ्याकडून. आतून दोन हात मार." अकरा वर्षं त्या माणसाबरोबर हिंडून मी हे म्हटलं. बाहेरून प्लास्टिक, आतून रबर, मध्ये ओली भिंत. एखाद्याचं नाक आणि तोंड दोन्हीकडून दाबावं तसं मी ते घर दाबलं, आणि वर आपण किती दिलदार म्हणून दिवसभर खूश होते.

भाऊ मला एका शब्दानं बोलले नाहीत. पण त्यांचं काहीतरी बिनसलंय हे दिसायला लागलं. सकाळी माझ्याआधी साइटवर हजर, संध्याकाळी निघायची घाई नाही. दुपारी डबा खाऊन परक्याच्या व्हरांड्यात तिथेच डोळा लागायचा. मी चिडवलं, "काय भाऊ, मावशी रात्री झोपू देत नाहीत वाटतं?"

"ती झोपतच न्हाई. आडवी झाली की दम लागतो. बसून आसती, उशी कवटाळून." टोपी झटकत म्हणाले, "तिच्या घोरण्याला म्या पन्नास वर्सं शिव्या दिल्या, ताई. आता ती घोरत न्हाई, तर मला झोप न्हाई."

मी हसले. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

मग एक दिवस, भर जुलैत, ते ऑफिसच्या दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले. हे नवीनच. "ताई, एक रिपोट पायजे."

"कुठल्या बंगल्याचा?"

"कुरवंड्याचा. आमच्याच घरचा." मी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, "माझा गाल पोराला पटत न्हाई. तुमचं मशीन पटंल. तुमच्या कागदावर लिवून द्या, शिक्का मारून. हौसा लय दमलीय वो."

"उद्याच येते."

"आन् खरं लिवाल ना?"

"म्हणजे काय, भाऊ? आजवर खोटं लिहिलंय का?"

"न्हाई न्हाई," असं म्हणून ते गेले. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. सीझन होता, फोनवर फोन, प्रत्येकाची गळती सगळ्यात मोठी. भाऊ रोज कामावर यायचे आणि विचारायचे नाहीत. बाराव्या दिवशी आलेच नाहीत, तेव्हा मी स्कूटर काढली.

दार उघडल्याबरोबर तो वास आला. भिजलेल्या गोधडीचा, भाताच्या वाफेचा, तीन माणसांच्या श्वासाचा. दुपारचे चार वाजलेले आणि आत ट्यूबलाइट, कारण खिडक्यांवर निळं प्लास्टिक. उजेडही निळाच. दोरीवर ओले कपडे. छतावरून टपटप, वरती चांगला पाच इंची स्लॅब असून. हौसामावशी पलंगावर उशी छातीशी धरून बसल्या होत्या. एकेक श्वास विहिरीतून बादली ओढावी तसा ओढत होत्या. मला बघून त्यातही हसल्या. "याऽ ताई. तुमी दिलेला रंग... लय चमकतोय बगा."

मी भिंतीकडे बघितलं. माझ्या रंगाला तळहाताएवढे फुगे आले होते. एकाला नख लावलं, तर आतलं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. रंगामागे सगळं काळं. त्या खोलीत मला स्वतःलाच श्वास पुरेना. दार उघडून पळावंसं वाटलं, आणि ही बाई तिथे दिवसाचे चोवीस तास बसून होती.

"मला सांगितलं का नाही, भाऊ?" मी जवळजवळ ओरडलेच.

भाऊ कोपऱ्यात उकिडवे बसले होते. "काय सांगू? तुमी मायेनं दिलता. त्यानं मायेनं लावला. दार-खिडक्या लावल्या त्याबी मायेनंच. कुनाला बोलू? दुष्मनानं क्येलं आसतं तर पाराईनं फोडलं आसतं."

तेवढ्यात संतोष पहिली पाळी संपवून आला. मी मीटर काढलं. पलंगामागे टाचण्या खुपसल्या, टिवटिव. खिडकीखाली, टिवटिव. ते थांबेच ना. संतोषचा चेहरा उतरत गेला. मी तिथेच फरशीवर बसून लेटरपॅड उघडलं आणि लिहायला लागले. 'श्री. गेनूभाऊ यांनी गाल लावून तपासले असता भिंती ओल्या आढळल्या. यंत्रानेही तेच दाखवले.' मग पुढचं वाक्य. पेन अडलं. लाज कशाला लपवू, अडलंच. 'आतून लावलेला रंग चुकीचा असून तो माझ्या सल्ल्याने लावण्यात आला.' शिक्का मारून कागद संतोषच्या हातात दिला.

त्यानं दोनदा वाचला. "मॅडम, पण डॉक्टर म्हनले व्हते, वारा लागू द्यायचा न्हाई."

"अंगावर झोत नको म्हणाले असतील रे. कोंडून ठेवा असं म्हणाले का? आणि बाहेरची हवा ओली आहे हे मलाही कळतं. पण ती गार आहे. आत येऊन तापली की हीच ओल उचलून बाहेर नेते, फक्त जायला वाट दे."

तो आईकडे वळला. मावशींनी एक श्वास ओढला, दुसरा ओढला, आणि म्हणाल्या, "संतोष... मला वारा लागून मेलेलं चालंल. हितं... बुडून मरायचं न्हाई."

संतोष उठला, स्वयंपाकघरातून सुरी घेऊन बाहेर गेला. दोरी कापल्याचा आवाज आला. मग ते निळं प्लास्टिक खिडकीवरून घसरलं आणि खोलीत दिवस आला. भाऊ भिंतीकडे तोंड करून रडत होते. मीही रडले. मावशींनी तेवढ्यात विचारलंच, "च्या ठिवू का?"

दुसऱ्या दिवशी मी मावशींना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पंप दिला आणि भाऊंचंच सगळं सांगितलं, फक्त इंग्रजीत. इकडे बापलेकांनी छिन्नी-हातोडी घेतली. संतोषनं छिन्नी भाऊंच्या हातातून घेतली आणि विचारलं, "आबा, कुटं फोडू?" भाऊंनी मला सांगितलं, घर बांधल्यापासून पोरानं पहिल्यांदाच विचारलं. गॅसच्या वर पूर्वेला एक भोक, आणि मावशींच्या पलंगाच्या पायथ्याशी उत्तरेला एक. दोन्हींत पाइप, बाहेरून खाली वळलेला, म्हणजे पाऊस शिरायचा नाही, तोंडाला जाळी. भाऊंनी उदबत्ती लावली. धूर आधी सरळ उभा राहिला, मग कंबरेत वाकला आणि पाइपातून निघून गेला. "ग्येला," भाऊ म्हणाले. एवढंच. माझा रंग खरवडायला बापलेकांना चार दिवस लागले. मग चुना. पश्चिमेला गवताची झड बांधली, मांजराला जागा ठेवून.

त्यानंतर भाऊ मावशींपाशी घरीच राहायला लागले. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गणपती झाल्यावर, भात पोटरीत, लोंब्या फुटायच्या बेतात आलेलं असताना. त्या हिवाळ्यात एका सकाळी अंगणात उन्हाला बसल्या बसल्याच ते गेले, पण ते नंतरचं. त्या दुपारी मी घाईनं कुरवंड्याला गेले होते. खंडाळ्याच्या एका बंगल्याचे मालक पुण्याला परतायच्या गडबडीत होते आणि त्यांना भाऊच हवे होते. मी मालकांना त्यांच्याच गाडीतून बरोबर आणलं होतं.

भाऊ घराच्या मागच्या बाजूला होते. उत्तरेच्या भिंतीपाशी गुडघे टेकून, पाइपच्या तोंडाला कान लावून, गाल चुन्याला टेकलेला. मला वाटलं, परत ओल आली. मी हाक मारणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि जवळ बोलावलं. मी चिखलात गुडघे टेकले आणि कान पुढे केला.

आतून हौसामावशींचं घोरणं येत होतं. चांगलं खणखणीत, मध्ये शिट्टी, मग पुन्हा खर्ज. बाई आडवी झोपली होती.

भाऊंच्या गालाला चुना लागला होता. रस्त्यावर हॉर्न वाजला तेव्हा मी भानावर आले. "भाऊ, मालक गाडीत बसलेत. चला."

"बसू द्या," ते म्हणाले, आणि कान पुन्हा पाइपला लावला.